थिसिसचा निकाल निगेटिव्ह आला. पेपर कसा आणि कुठे द्यावा?

मनवा_रेसिडेंट:
मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थिसिससाठी मधुमेहाच्या दोन औषधांची तुलना केली. सुरू करण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद केली होती, मुख्य आउटकम, म्हणजे मोजायचा परिणाम, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). दोन्ही गटांत फरक निघाला नाही. वजनात मात्र किंचित फरक दिसतोय, पी ०.०४, म्हणजे ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘वजनालाच मुख्य कर, पेपर पटकन लागेल.’ मनाला पटत नाहीये. शिवाय ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ अशा मेल रोज येतात. काय करू?

आकडेमोड:
अजिबात करू नका. वीस गोष्टी मोजल्या की एखादी नुसत्या योगायोगानेही ०.०५ च्या खाली जाऊ शकते. वजन द्या, पण दुय्यम म्हणून, आणि एकूण किती आउटकम तपासले तेही लिहा. नुसता पी नको, कॉन्फिडन्स इंटर्व्हलही (खरा फरक साधारण किती ते किती असू शकतो तो पट्टा) हवा. तो फार रुंद असेल तर ‘दोन्ही औषधं सारखीच’ असं म्हणता येणार नाही. सीटीआरआयची नोंद कुणालाही उघडून पाहता येते, हेही गाइडच्या कानावर घाला.

डॉ_सायली:
मी मानसोपचारात आहे. निगेटिव्ह निकाल मागे राहिले की काय होतं, ते आमच्याकडचं उदाहरण देऊन सांगते. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या २००८ मध्ये टर्नर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. एफडीएच्या मते ३८ पॉझिटिव्ह. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ चा निकाल पॉझिटिव्ह वाटेल असा मांडला गेला. म्हणजे जशाच्या तशा आल्या फक्त ३! ओपीडीत प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याला बाकीचं दिसणार कुठून? मनवा, तुझा पेपर यायलाच हवा.

केईएमकर:
जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन बघ, आमच्या स्टाफ सोसायटीचं आहे. प्लॉस वन या ऑनलाइन जर्नलमध्ये निकाल निगेटिव्ह म्हणून पेपर परत येत नाही, पण फी जबर. सवलत मागता येते. त्या मेलवाल्यांना उत्तरही देऊ नकोस. नवं जर्नल असेल तर डीओएजेमध्ये (सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या, पारखून घेतलेल्या जर्नलांची यादी) आहे का ते आधी पाहा.

मनवा_रेसिडेंट:
खूप आभार सगळ्यांचे. सरांशी उद्याच बोलते. पेपरसोबत मूळ प्रोटोकॉल जोडला तर चालेल का?

आकडेमोड:
जोडाच. एथिक्स कमिटीने मंजूर केलेली प्रत, तारखेसकट.