प्रीव्ह्यूच्या रिकाम्या खुर्च्या

प्रीव्ह्यूला, म्हणजे अधिकृत शुभारंभाआधीच्या तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगांना, गर्दी नाही म्हणजे नाटक पडणार, असं काहीजण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. 'मेबी हॅपी एंडिंग' या म्युझिकलचंच बघा. सोलमधल्या दोन जुन्या मदतनीस रोबोंची प्रेमकथा. ऑक्टोबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बेलास्को थिएटरात प्रीव्ह्यू सुरू झाले तेव्हा तिकीटविक्री थंडच होती. पण बघून आलेले लोक इतरांना सांगत सुटले, आणि जून २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह ६ टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले!

शिवाय प्रीव्ह्यूच्या दिवसांत दुपारी तालीम, रात्री प्रयोग असं चालतं. ज्या विनोदावर प्रेक्षागृह गप्प बसतं तो दुसऱ्या दिवशी बदलतात, कधी अख्खं गाणं कापतात. त्यामुळे प्रीव्ह्यू बघून 'उत्तरार्ध रेंगाळतो' असं वाटलं तर जरूर लिहा, पण कोणत्या तारखेचा प्रयोग पाहिला तेही लिहा.