स्वयंचलित टेस्ट सगळ्या पास होतात, तरीही दोष ग्राहकांपर्यंत का पोहोचतात?

प्रश्न

नमस्कार. बिले, वसुली आणि मालाचा साठा हाताळणारे एक व्यावसायिक ॲप्लिकेशन आमची टीम सांभाळते. गेल्या दोन वर्षांत आम्ही हाताने होणाऱ्या बहुतेक रिग्रेशन चाचण्या (बदलानंतरही जुनी कामे नीट चालतात का, हे पाहणाऱ्या) स्वयंचलित केल्या. आज ब्राउझरमधून चालणाऱ्या सुमारे ९०० टेस्ट आहेत, त्या पूर्ण व्हायला पाच तास लागतात आणि कोड कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते) ८२ टक्के दिसते. असे असूनही मागच्या रिलीजनंतर एक चूक ग्राहकांनीच दाखवून दिली. ज्या बिलांत अनेक ओळी होत्या, त्यांत प्रत्येक ओळीवरील कराची बेरीज आणि तळाशी छापलेला एकूण कर जुळत नव्हता. बिल तयार करणाऱ्या पंधरा-वीस टेस्ट आमच्याकडे होत्या आणि त्या सर्व पास झाल्या होत्या.

दुसरी अडचण अशी की रात्रीच्या रनमध्ये रोज दहा-बारा टेस्ट कोडमध्ये काही बदल नसतानाही फेल होतात आणि पुन्हा चालवल्या की पास होतात. त्यामुळे लाल निशाण दिसले की कारण न शोधता टेस्ट पुन्हा चालवण्याची सवय सर्वांना लागली आहे. टेस्टची संख्या वाढवावी, असे व्यवस्थापनाचे मत आहे. मला ती दिशा चुकीची वाटते, परंतु पर्याय नेमका मांडता येत नाही. सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर

तुमच्या बिलाच्या चुकीपासूनच सुरुवात करा, कारण तिच्यातच बरेचसे उत्तर आहे. समजा बिलात १०.१५ रकमेच्या तीन ओळी आहेत आणि कर ५ टक्के आहे. प्रत्येक ओळीचा कर ०.५०७५ होतो, तो दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केला की ०.५१, आणि तिन्ही ओळींची बेरीज १.५३. हाच कर एकूण ३०.४५ वर काढला तर १.५२२५, म्हणजे १.५२ येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक अशी की एकाच बिलात दोन्ही वापरल्या गेल्या आणि कोणती लागू करायची हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. तुमच्या टेस्टमध्ये बहुधा एकच ओळ असेल किंवा रकमा १०० आणि २०० अशा गोल असतील, आणि अशा रकमांवर ही चूक दिसणे शक्यच नाही.

८२ टक्के कव्हरेजचा अर्थ एवढाच की तेवढ्या ओळी टेस्ट चालताना कार्यान्वित झाल्या. त्यांनी काढलेले उत्तर कोणी तपासले की नाही, हे तो आकडा सांगत नाही. बिल तयार झाल्याचा संदेश पडद्यावर आला म्हणून टेस्ट पास करणे आणि करातील प्रत्येक आकडा ताडून पाहणे, या दोन्हींनी कव्हरेज सारखेच वाढते. हा फरक उघड करण्यासाठी म्युटेशन टेस्टिंग वापरून पाहा. त्यात साधन तुमच्या कोडमध्ये मुद्दाम लहान बदल करते, उदाहरणार्थ अधिकच्या जागी वजा, आणि एखादी तरी टेस्ट फेल होते का ते पाहते. संपूर्ण कोडवर ते फार वेळ घेते, म्हणून फक्त कर आणि सवलतीच्या मॉड्यूलवर चालवा.

गणिताचे हे नियम ब्राउझरमधून तपासण्याचे कारणही नाही. माइक कोन यांनी २००९ मध्ये मांडलेला चाचण्यांचा पिरॅमिड हेच सुचवतो: पायाशी कोडचा एकेक लहान भाग तपासणाऱ्या भरपूर युनिट टेस्ट, मध्ये सेवांच्या टेस्ट, आणि अगदी वर पडद्यावरून चालणाऱ्या मोजक्या यूआय टेस्ट. तुमचा पिरॅमिड सध्या उलटा उभा आहे.

दुसरे उत्तर

मी फेल-पास होणाऱ्या टेस्टविषयी लिहितो, कारण माझ्या मते तोच अधिक गंभीर आजार आहे. लाल निशाणावरचा विश्वास एकदा उडाला की खरा दोष सापडला तरी तो पुन्हा चालवण्याच्या सवयीत वाहून जातो. यात तुम्ही एकटे नाही: गूगलच्या टेस्टिंग विभागाने २०१६ मध्ये लिहिले होते की त्यांच्या सुमारे १.५ टक्के रनचा निकाल असा अस्थिर असतो आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक अस्थिरता आढळते.

कारणे बहुतेक वेळा ठराविक असतात. ठरावीक सेकंद थांबून मग बटण शोधणे, दोन टेस्टनी एकाच ग्राहकाच्या नोंदीवर काम करणे, आधीच्या टेस्टने मागे ठेवलेल्या माहितीवर अवलंबून राहणे, आणि घड्याळ. रन रात्री होतो म्हणता, तेव्हा मध्यरात्री तारीख बदलताना नेमक्या कोणत्या टेस्ट फेल होतात ते आधी पाहा. प्रत्येक टेस्टने स्वतःची माहिती स्वतः तयार करावी आणि तारीख-वेळ संगणकाच्या घड्याळावरून न घेता टेस्टनेच ठरवून द्यावी, एवढ्याने बराच फरक पडतो. अस्थिर टेस्ट मुख्य रनमधून बाजूला काढा, पण प्रत्येकीला जबाबदार व्यक्ती आणि मुदत द्या, अन्यथा त्या तिथेच विसरल्या जातील.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, मात्र यूआय टेस्ट सरसकट काढू नका. लॉगिनपासून पैसे जमा होण्यापर्यंतचे मुख्य प्रवास तसेच ठेवा. शिवाय कोड निर्दोष असूनही तो प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, नेताना घात होऊ शकतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर पोहोचला. आठव्यावर जुना, वापरात नसलेला कोड होता आणि त्याचाच फ्लॅग (तो सुरू करणारी खूण) नव्या कामासाठी पुन्हा वापरला होता. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. रिलीजनंतर प्रत्येक सर्व्हरवरील आवृत्ती तपासणे आणि रोलबॅकचा (आधीच्या आवृत्तीवर परत जाण्याचा) सराव करणे हेही टेस्टिंगचेच काम आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. पहिल्या उत्तरातील अंदाज बरोबर निघाला: आमच्या सर्व बिलांच्या टेस्टमध्ये एकच ओळ आहे. आता पूर्णांकनाचा नियम लिहून घ्यायचा आहे. तो कोणी लिहावा, आणि आणखी कोणती प्रकरणे तपासावीत?

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

नियम लेखा विभागाने सांगावा, टेस्टरने तो उदाहरणांच्या तक्त्यात मांडावा, आणि तोच तक्ता युनिट टेस्टची माहिती म्हणून वापरावा. कोड लिहिण्यापूर्वी डेव्हलपर, टेस्टर आणि लेखापाल एकत्र बसले तर बरेच प्रश्न तिथेच निघतात. बिलातील अर्धा माल परत आला तर कर पुन्हा मोजायचा की मूळ ओळीच्या प्रमाणात वजा करायचा, हा प्रश्न मी आवर्जून विचारीन.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. बिलाची रक्कम ब्राउझर आणि सर्व्हर दोघेही स्वतंत्रपणे मोजतात का? सर्व्हरवर पायथॉन आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट या भाषा असतील, तर पायथॉनचे अंगभूत राउंड फंक्शन २.५ चे २ करते, जावास्क्रिप्टचे ३ करते, आणि उणे २.५ चे जावास्क्रिप्ट उणे २ करते. म्हणजे दोन्हीकडचे विक्रीचे आकडे जुळणार नाहीत, आणि जावास्क्रिप्टमध्ये तर विक्री आणि त्याच रकमेचा परतावा यांतही फरक पडेल. मोजणी सर्व्हरवर एकाच ठिकाणी ठेवा, रकमांसाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) ऐवजी दशांश नेमके साठवणारा डेसिमल प्रकार वापरा, आणि तक्त्यातील पहिली उदाहरणे परताव्याचीच घ्या.