ओशिनेन सरोवर: आई, नऊ वर्षांची मुलगी आणि ट्रेकर भाऊ यांच्यासाठी एकाच दिवसाचे नियोजन कसे करावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण स्वित्झर्लंडला जात आहोत. आमचा मुक्काम स्पीत्स येथे असून एक संपूर्ण दिवस कांडरश्टेग गावाच्या वर असलेल्या ओशिनेन सरोवरासाठी राखून ठेवला आहे. अडचण अशी की पाचही जणांची चालण्याची ताकद निरनिराळी आहे. आई ६८ वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. सपाट रस्त्यावर ती तासभर सहज चालते, पण उतार आणि पायऱ्या आल्या की तिला त्रास होतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. ती आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढली आहे, मात्र थकली की पुढे जायला तयार होत नाही. मी आणि माझे यजमान रोज फिरायला जातो, पण आम्ही डोंगरात चालणारे नाही. धाकटा भाऊ मात्र नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेला आहे आणि त्याला तेथील उंचावरच्या हटपर्यंत (डोंगरातील मुक्कामाच्या निवाऱ्यापर्यंत) जायचे आहे.

सर्वांनी एकत्रच फिरायचे ठरवले, तर भावाचा हिरमोड होईल; वेगवेगळे जायचे ठरवले, तर आई दिवसभर एकटी बसेल. यातून मार्ग कसा काढावा? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १

मी बर्नजवळ राहते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन तेथे नेहमी जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की वाटा निवडण्याआधी सर्वांनी पुन्हा भेटण्याची जागा आणि वेळ ठरवावी, आणि ती जागा आईंना विनासायास पोहोचता येईल अशीच असावी. येथे ती जागा म्हणजे सरोवराचा पश्चिम काठ. तेथे उपाहारगृहे आहेत, बसायला बाके आहेत, वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात आणि समोर ब्लूम्लिसआल्पची हिमशिखरे दिसतात. आईंचा वेळ तेथे छान जाईल, याची मला खात्री आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गोंडोलाचे (बंद डब्यांच्या रोपवेचे) वरचे स्थानक १,६८२ मीटर उंचीवर आहे आणि सरोवर १,५७८ मीटरवर. म्हणजे सरोवराकडे जाताना सुमारे शंभर मीटरचा उतार लागतो आणि परतताना, दिवसभराच्या थकव्यानंतर, तेवढाच चढ. रस्ता रुंद आणि चांगला आहे, तरुण माणसाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पण ज्यांना उतारच बाधतो त्यांच्यासाठी जाण्याचा टप्पाही सोपा नाही. स्थानक आणि सरोवर यांदरम्यान विजेवर चालणारी छोटी गाडी असते. तिच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात आणि आईंना दोन्ही वेळा तिनेच न्यावे.

तुम्ही, यजमान आणि मुलगी यांच्यासाठी हॉइबेर्गची वाट उत्तम आहे. ती वरच्या स्थानकापासून निघून कुरणांतून आणि झाडीतून चढत १,९४० मीटरवरील हॉइबेर्गला पोहोचते. तेथून पुढे ती डोंगराच्या कुशीतून आडवी जात १,९७८ मीटरवरील ओबरबेर्गली या कुरणापर्यंत जाते आणि मग उंटरबेर्गलीमार्गे सरोवराच्या काठावर उतरते. न थांबता तीन ते साडेतीन तास लागतात. मुलीबरोबर पाच तास धरावेत. हॉइबेर्गच्या पुढे काही ठिकाणी वाट अरुंद आहे आणि एका बाजूला थेट सरोवरापर्यंत कडा आहे. पाणी तेथून इतके निळे दिसते की पाऊल आपोआप कडेकडे वळते, म्हणून फोटो काढायचा असेल तर आधी थांबावे आणि मुलीला डोंगराच्या बाजूला ठेवावे.

फलकांविषयीही सांगते. पिवळा फलक म्हणजे साधी पायवाट. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण म्हणजे डोंगरवाट, जिच्यासाठी पक्की पकड असलेले बूट आणि न घाबरता पाऊल टाकण्याची सवय लागते. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणेच्या वाटेकडे तुम्ही वळूच नये. हॉइबेर्गची वाट दुसऱ्या प्रकारची आहे. फलकांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. सपाटीवर ताशी सुमारे ४.२ किलोमीटर हा वेग धरून आणि चढ-उताराचा हिशेब करून ती काढतात, पण तीत विश्रांती, जेवण किंवा फोटो यांचा समावेश नसतो.

उत्तर २

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला वरील सूचनेत एक बदल सुचवावासा वाटतो. ओबरबेर्गलीपासून सरोवरापर्यंतचा उतार चारशे मीटरचा आहे आणि तो सलग व बराच तीव्र आहे. डोंगरात न चालणाऱ्यांना चढताना दम लागतो, परंतु दुखापत बहुधा उतरताना होते, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलावा लागतो. ते थकले की गुडघ्यावर ताण येतो आणि पाऊल घसरते. तुम्ही रोज सपाटीवर चालता, त्यामुळे या स्नायूंना तशी सवय नसणार. म्हणून प्रदक्षिणा उलटी करावी, म्हणजे सकाळी ताज्या पायांनी सरोवराकडून ओबरबेर्गली चढावे आणि हॉइबेर्गवरून सौम्य उताराने स्थानकाकडे यावे. दिशा कोणतीही ठरवली तरी चालण्याच्या काठ्यांची जोडी बरोबर ठेवावी आणि उतरताना पावले आखूड टाकावीत.

आईंच्या बाबतीत उंचीची चिंता करू नये. सरोवराची उंची महाबळेश्वरपेक्षा थोडीच अधिक आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास मात्र निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

उत्तर ३

उत्तर २ मधील स्नायूंविषयीचे म्हणणे योग्यच आहे, तरीही बरोबर लहान मूल असताना मी प्रचलित दिशाच निवडेन. स्थानकाकडून निघाल्यास हॉइबेर्गपर्यंतची चढण मुलाला झेपणारी आहे, आणि तेथे पोहोचल्यावर मुलगी कंटाळली तर आल्या वाटेने तासाभरात परत फिरता येते. शिवाय सरोवराचे सर्वांत सुंदर दृश्य तेथे आधीच पाहून झालेले असते, त्यामुळे मागे फिरल्याचे वाईट वाटत नाही. उलट्या दिशेने गेल्यास सर्वांत कठीण चढ सुरुवातीलाच येतो, आणि ओबरबेर्गलीला पोहोचल्यावर मुलगी अडून बसली तर एका बाजूला तो तीव्र उतार आणि दुसऱ्या बाजूला अरुंद आडवी वाट, असे दोनच पर्याय उरतात. दोघेच प्रौढ असते, तर मीही उलटी दिशाच सुचवली असती.

आता भावाविषयी. ज्या हटचा तुम्ही उल्लेख केला आहे ती बहुधा ब्लूम्लिसआल्प हट असावी. ती २,८३४ मीटरवर, होह्टुर्ली खिंडीच्या किंचित वर आहे. सरोवरापासून चढण सुमारे १,२५० मीटरची आहे, म्हणजे आतकरवाडीहून सिंहगडाच्या चढाईच्या दुपटीहून अधिक. वर जायला चार तास आणि उतरायला तीन तास धरले, तर तोच सात तासांचा दिवस होतो आणि गोंडोलाच्या शेवटच्या फेरीचे दडपण राहते. एका दिवसात आणि तेही कुटुंबाबरोबर परत येण्याच्या अटीवर मी ते सुचवणार नाही. त्याला खरोखरच वर जायचे असेल, तर हटवर आगाऊ आरक्षण करून एक रात्र तेथे राहावे आणि दुसऱ्या दिवशी स्पीत्सला परतावे.

राहणे जमणार नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. त्याने पहिल्या गाडीने कांडरश्टेगला जावे आणि गोंडोला न घेता गावातूनच चालायला सुरुवात करावी. सरोवरापर्यंत सुमारे चारशे मीटरचा चढ आहे, त्याला दीड तास पुरेल. तेथून ओबरबेर्गली गाठून हटच्या वाटेवर ठरलेल्या वेळेपर्यंत, समजा दुपारी बारापर्यंत, जमेल तेवढे वर जावे आणि मग उतरायला लागावे. तुम्ही तिघे हॉइबेर्गकडून ओबरबेर्गलीला पोहोचाल त्या सुमारास तो तेथे भेटेल आणि अवघड उतारावर मुलीला त्याचा हात मिळेल.

सह्याद्रीतील अनुभव त्याला उपयोगी पडेल, पण एका बाबतीत पडणार नाही. होह्टुर्लीखालच्या सैल खडकाळ उतारावर जुलैतही बर्फाचे पट्टे उरलेले असू शकतात आणि सकाळी ते कडक व निसरडे असतात. पावसाळ्यातील ओल्या कातळावर चालणे आणि कडक बर्फावर तिरके चालणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. तसा पट्टा आडवा आला, तर त्याने तेथूनच परत फिरावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रचलित दिशा आणि भावाची सकाळची स्वतंत्र सुरुवात हा बेत आम्हाला पटला आहे. आईबरोबर सकाळी यजमान थांबतील आणि होडीत बसतील. हॉइबेर्गला मी आणि मुलगी जाऊ. सरोवराच्या वरचा डोंगर खचत असल्याचे वाचले होते. त्यामुळे काही धोका आहे का?

उत्तर १

होय, ती माहिती खरी आहे. सरोवराच्या दक्षिणेकडील श्पिट्से श्टाय हा भाग अस्थिर असून त्यावर काही वर्षांपासून उपकरणांनी सतत लक्ष ठेवले जाते आणि त्याच्या खालच्या काही वाटा बंद ठेवल्या जातात. हॉइबेर्गची वाट सरोवराच्या दुसऱ्या, उत्तरेकडील बाजूला आहे. तरीही गावातून वर येणारी भावाची वाट त्या दिवशी खुली आहे की नाही, हे आदल्या संध्याकाळी कांडरश्टेगच्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे. बंद असल्यास त्याने गोंडोलानेच यावे. दोर ओलांडून जाऊ नये.

तुम्ही दोघीच जाणार असल्याने आणखी एक सांगते. उन्हाळ्यात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून गोंडोलाच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी पकडा आणि दीड वाजेपर्यंत ओबरबेर्गली सोडा. हॉइबेर्गला पोहोचेपर्यंत ढग काळवंडले असतील, तर पुढे न जाता मागे फिरा. कुरणांत गाई आणि वासरे असतात. वासराजवळ मुलीला जाऊ देऊ नका, थोडे लांबून वळसा घालून जा. हवाई बचाव सेवा रेगाचा क्रमांक १४१४ आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ हे दोन्ही चौघांच्या फोनमध्ये साठवून ठेवा. गोंडोलाची शेवटची फेरी किती वाजता आहे, हे सकाळी वर पोहोचताच विचारून आईंनाही सांगून ठेवा.