सुपरमॅन छापला कसा गेला: तुमच्या हाती आलेले पान (अनुभव धागा)

साधारण १९८२ साली पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका रद्दीच्या दुकानात मला सुपरमॅनचा मुखपृष्ठ फाटलेला एक अमेरिकन अंक मिळाला. पहिल्याच पानावर लेखक, चित्रकार, शाईकाम करणारा, अक्षरे काढणारा, रंग भरणारा अशी सगळ्यांची नावे होती आणि त्यांच्या जोडीला एक वेगळी ओळ होती: सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर. ज्यांनी हा अंक लिहिलाही नाही आणि रेखाटलाही नाही, त्यांची नावे येथे कशासाठी, याचा मी बराच विचार केला आणि ते कंपनीचे मालक असावेत, असे ठरवून मोकळा झालो. मालकीच त्यांच्याकडे नव्हती आणि म्हणूनच ती ओळ छापावी लागत होती, हे कळायला पुढे वीस वर्षे गेली.

क्रिप्टॉन ग्रहाहून आलेल्या या नायकाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. ती कागदावर कशी उतरली, कोणी विकत घेतली आणि छापता छापता कोठे बदलली, हे तुम्हाला ज्या प्रसंगातून कळले तो प्रसंग येथे लिहावा, अशी विनंती आहे. चित्रपटांविषयी शक्यतो लिहू नये. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

*

क्लीव्हलंड, ओहायो

भारतातून पाहुणे आले की ईरी सरोवर, रॉक संगीताचे संग्रहालय आणि एक दिवस काढून नायगारा, हा आमच्या घरचा ठरलेला क्रम आहे. माझ्या भाच्याने मात्र आल्या आल्या सांगितले की, मावशी, मला फक्त ग्लेनव्हिल दाखव. मी या शहरात इतकी वर्षे राहूनही त्या वस्तीत कधी गाडी थांबवली नव्हती. किंबर्ली ॲव्हेन्यूवरचे सीगल कुटुंबाचे घर अगदी साधे, लाकडी आहे. देणग्या गोळा करून २००९ साली त्याची दुरुस्ती झाली. आम्ही गेलो तेव्हा आत एक कुटुंब राहत होते, म्हणून रस्त्यावरूनच पाहिले. शुस्टर जेथे राहत असत ती इमारत पाडली गेली आहे, पण त्या जागेच्या कुंपणावर पहिल्या कथेची पाने मोठी करून धातूच्या पत्र्यांवर लावली आहेत. भाचा एकेका पत्र्यासमोर उभा राहून वाचत पुढे सरकत होता, शेजारच्या अंगणातला कुत्रा त्याच्यावर सतत भुंकत होता, आणि मी पर्स छातीशी धरून गाडीपाशी उभी होते, हे आता सांगायला लाज वाटते.

त्या दिवसानंतर मी या दोघांविषयी वाचू लागले. दोघांचाही जन्म १९१४ चा, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले आणि ग्लेनव्हिल हायस्कूलचे विद्यार्थी. सीगल यांच्या वडिलांचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. जून १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले असताना त्यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. बंदुकीची गोळी न लागणारा नायक त्या दुःखातून जन्मला असे काही अभ्यासक मांडतात. मला ते जरा जास्तच जुळवून आणलेले वाटते, कारण त्यानंतर सहा-सात महिन्यांनीच, जानेवारी १९३३ मध्ये, या मुलांनी स्वतःच्या सायक्लोस्टाइल केलेल्या मासिकात जो पहिला ‘सुपरमॅन’ छापला तो चक्क टक्कल असलेला खलनायक होता. मोफत पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका बेघर माणसाला एक शास्त्रज्ञ रसायन देतो, त्याला इतरांची मने वाचता येऊ लागतात, आणि शेवटी रसायनाचा अंमल उतरल्यावर तो पुन्हा त्याच रांगेकडे परततो. महामंदीच्या वर्षांत ती रांग त्यांना कल्पनेतून आणावी लागली नसेल.

खलनायकाचा नायक झाल्यावरही तो लगेच परग्रहावरचा झाला नाही. १९३३ सालच्या एका मसुद्याला कोणी प्रकाशक मिळेना, तेव्हा शुस्टर यांनी वैतागून चित्रे जाळली. सीगल यांनी त्यातले मुखपृष्ठ तेवढे वाचवले. त्यानंतर दुसऱ्या एका चित्रकारासोबत सीगल यांनी केलेल्या आराखड्यात हे बाळ भविष्यकाळातून येते: पृथ्वीवरचा शेवटचा माणूस आपल्या मुलाला कालयंत्रात बसवून मागे पाठवतो. दुसऱ्या ग्रहाची कल्पना यानंतर पक्की झाली. माझ्यासारख्या देश सोडून आलेल्या बाईला काळापेक्षा ग्रह अधिक जवळचा वाटतो, यात नवल नाही.

*

गिरगाव, मुंबई

मी छापखान्यात बत्तीस वर्षे पेस्ट-अपचे, म्हणजे मजकूर आणि चित्रे कापून पानावर चिकटवण्याचे, काम केले. ब्रोमाइड कापायचे, रबर सोल्यूशन लावायचे, टी-स्क्वेअर ठेवून ओळ सरळ आहे का पाहायची, आणि जास्तीचे सोल्यूशन बोटाने चोळून काढायचे. निवृत्तीनंतर मुलाने मला, सुपरमॅन ज्यात प्रथम छापला गेला त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची हुबेहूब नक्कल आणून दिली. गोष्ट वाचण्याआधीच माझी नजर पानाच्या मांडणीवर गेली आणि मी मुलाला म्हणालो, हे पान म्हणून काढलेलेच नाही, या कापून चिकटवलेल्या पट्ट्या आहेत. त्याने मला वेड्यात काढले. नंतर त्यानेच शोधून सांगितले की माझे म्हणणे बरोबर आहे.

सीगल आणि शुस्टर यांना मासिकात यायचेच नव्हते. त्यांना वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी हवी होती, कारण पैसा आणि प्रतिष्ठा तेथे होती. तशा पट्ट्या तयार करून त्यांनी त्या वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांकडे धाडल्या आणि त्या कित्येक वर्षे परत येत राहिल्या. १९३८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एक नवे मासिक निघत होते आणि संपादक व्हिन सुलिव्हन यांना पाने भरायची होती. अशाच एका संस्थेतले मॅक्सवेल गेन्स आणि त्यांचे तरुण सहायक शेल्डन मेयर यांच्याकडे पडून असलेल्या या पट्ट्या सुलिव्हन यांच्यापर्यंत पोहोचल्या, आणि घाईघाईने त्या कापून मासिकाच्या आकाराच्या तेरा पानांत चिकटवून देण्यास सीगल आणि शुस्टर यांना सांगण्यात आले. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही घाई कळते. अंक मशीनवर जायचा असतो आणि कोणाचे तरी चार रकाने कमी पडत असतात.

त्या कापाकापीत कथेची सुरुवातच बाहेर राहिली. पहिला अंक उघडलात तर सुपरमॅन एका बांधलेल्या बाईला उचलून रात्रीच्या वेळी गव्हर्नरच्या बंगल्याकडे धावत असतो. ही बाई कोण, तिला का पकडले, काही पत्ता लागत नाही. गाळलेला भाग १९३९ च्या उन्हाळ्यात ‘सुपरमॅन’ या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्या अंकात छापला गेला. जन्मकथा तर एका पानात उरकली आहे. नष्ट होणाऱ्या ग्रहाला नाव नाही, बाळ मोटारीतून जाणाऱ्या एका वाटसरूला सापडते आणि त्याची रवानगी अनाथालयात होते. त्याला वाढवणारी केंट पतिपत्नी १९३९ मध्ये आली. उडणेही नाही: तो फर्लांगभर उडी मारतो, आणि मुंगी व नाकतोड्याची उदाहरणे देऊन ते शास्त्रीय कसे आहे हे एका चौकटीत पटवून दिले आहे. मला ती चौकट सर्वांत आवडते.

अंक १८ एप्रिल १९३८ रोजी विक्रीस आला, मुखपृष्ठावर मात्र जून महिना होता. किंमत दहा सेंट, सुमारे दोन लाख प्रती. मोटार डोक्यावर उचललेले ते चित्र आता सर्वत्र दिसते, परंतु प्रकाशकांचा त्याच्यावर इतका कमी विश्वास होता की सुपरमॅन पुन्हा मुखपृष्ठावर आला तो थेट सातव्या अंकात. आणि ज्या वर्तमानपत्रांच्या दारातून त्या पट्ट्या परत येत होत्या तेथेच १६ जानेवारी १९३९ पासून त्याची रोजची पट्टी सुरू झाली. क्रिप्टॉन हे नाव वाचकांना त्या पट्टीत प्रथम वाचायला मिळाले.

*

नागपूर

मी वकील आहे. बालमासिकांसाठी चित्रे काढणारे एक वयस्कर गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पिवळा पडलेला करारनामा घेऊन आले होते. त्यांनी तरुणपणी एका प्रकाशन संस्थेला ‘सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी’ लिहून दिले होते आणि त्यांनी घडवलेले पात्र आता वह्यांच्या मुखपृष्ठांवर छापले जात होते. त्यांना काय सांगावे हे शोधताना मी सीगल-शुस्टर खटल्यांपर्यंत पोहोचले.

सीगल आणि शुस्टर यांना मार्च १९३८ मध्ये प्रकाशकांकडून मिळालेल्या धनादेशाची रक्कम ४१२ डॉलर आहे. त्यांतले १३० डॉलर सुपरमॅनचे, म्हणजे तेरा पानांचे दर पानी दहा, आणि उरलेले इतर मालिकांच्या कामाचे. या १३० डॉलरमध्ये पात्रही गेले. धनादेशावर दोघांचीही नावे चुकीची लिहिली होती, म्हणून त्यांना मागे चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही प्रकारे सह्या कराव्या लागल्या. तो कागदाचा तुकडा २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. तरीही, त्यांना आयुष्यभर केवळ १३० डॉलर मिळाले, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. पुढची काही वर्षे पानांच्या मोबदल्यावर त्यांची कमाई चांगली होती. जे मिळाले नाही ते पात्राचे मोल.

सीगल सैन्यात असताना, त्यांनी पूर्वी सुचवलेला आणि नाकारला गेलेला ‘सुपरबॉय’ प्रकाशकांनी परस्पर छापला. १९४७ मध्ये दोघे न्यायालयात गेले. सुपरमॅनचे हक्क प्रकाशकांचे, पण सुपरबॉयवर सीगल यांचा हक्क, असा निष्कर्ष निघाला. १९४८ मध्ये सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, सुपरबॉयही गेला आणि अंकांवरून दोघांची नावेही गेली. १९५९ नंतर सीगल त्याच मासिकांत पुन्हा लिहू लागले, परंतु नावाशिवाय. १९७५ मध्ये मोठ्या चित्रपटाची घोषणा झाल्यावर त्यांनी वृत्तपत्रांना संतप्त पत्रे पाठवली. शुस्टर यांची दृष्टी तोवर बरीच अधू झाली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी प्रकरण लावून धरले, आणि त्या डिसेंबरमध्ये प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर व नाव छापण्याची हमी मिळाली. धागाकर्त्यांना रद्दीत सापडलेली ओळ ती हीच. वारसांनी पुढे पुन्हा दावे केले, पण २०१३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने गेला. पहिला अंक अमेरिकेत १ जानेवारी २०३४ रोजी सर्वांसाठी खुला होईल.

माझ्या अशिलांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे बाई, नाव तरी छापतील का?” आम्ही तेवढीच मागणी करणारे पत्र पाठवले आहे.

*

टोरांटो

माझा अनुभव छोटाच आहे. येथे स्थायिक झाल्यावर घरी ‘टोरांटो स्टार’ येऊ लागला, आणि एका जुन्या पुरवणीतून कळले की शुस्टर यांचा जन्म याच शहरातला आणि लहानपणी ते हेच वर्तमानपत्र रस्त्यावर विकत असत. सुरुवातीच्या कथांत क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, ज्या वर्तमानपत्रात काम करतो त्याचे नाव ‘डेली स्टार’ आहे. ‘डेली प्लॅनेट’ १९४० मध्ये झाले. कॅनडाच्या टपाल खात्याने १९९५ मध्ये सुपरमॅनचे तिकीट काढले होते. ते माझ्या संग्रहात आहे, मात्र गोंदाला थोडी ओल लागली आहे.

*

रत्नागिरी

आकाशवाणीवर श्रुतिका करण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे मला या इतिहासातली रेडिओची बाजू महत्त्वाची वाटते आणि ती नेहमी मागे पडते. १२ फेब्रुवारी १९४० रोजी अमेरिकेत सुपरमॅनची रेडिओ मालिका सुरू झाली. मी तिची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत. बड कॉलियर हा नट एकच वाक्य क्लार्कच्या पातळ, किंचित घाबऱ्या आवाजात सुरू करतो आणि वाक्याच्या मध्यावर आवाज छातीत उतरवून सुपरमॅन म्हणून संपवतो. कपडे बदलल्याचे दाखवायला त्याच्याकडे दुसरे काही साधनच नाही. मी हे स्टुडिओत करून पाहिले. पाचव्यांदा जमले आणि दोन दिवस घसा बसला.

क्लार्कच्या वर्तमानपत्रातला तरुण सहकारी जिमी ओल्सन याचे नाव आणि संपादक पेरी व्हाइट रेडिओने दिले. सुपरमॅनला दुर्बळ करणारे क्रिप्टोनाइटही श्रोत्यांनी १९४३ मध्ये प्रथम ऐकले. छापील कथेत ते १९४९ साली आले. गंमत अशी की सीगल यांनी १९४० मध्येच क्रिप्टॉनवरच्या एका घातक धातूची कथा लिहून दिली होती, तिच्यात सुपरमॅन सहकारी पत्रकार लोइसला आपले गुपितही सांगतो. प्रकाशकांनी ती छापली नाही. म्हणजे लेखकाने दिलेले बाजूला पडले आणि तशीच कल्पना वाऱ्यावरून परत आली. हवेत खरोखर उडण्याचे श्रेयही बरेचसे रेडिओला आणि १९४१ पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या व्यंगपटांना द्यावे लागते. छापील पानावर उडी पुरत होती.

*

न्यू जर्सी

मी १९९२ च्या ऑगस्टमध्ये शिकायला आलो. १८ नोव्हेंबरला वसतिगृहासमोरच्या कॉमिक्सच्या दुकानाबाहेर थंडीत रांग लागलेली पाहून, आपल्याकडच्या सवयीने, कशाची आहे हे न विचारता मी रांगेत उभा राहिलो. काउंटरवर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग होता, पिशवीवर रक्त ठिबकणारा लाल ‘एस’. सुपरमॅन मेला होता. पिशवीत अंकासोबत दंडावर बांधायची काळी पट्टीही होती, आणि ती बांधून आलेला एक मुलगा दुसऱ्या दिवशी थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला शेजारी बसला होता.

या मृत्यूमागचे कारण फारच गद्य होते. लेखकमंडळी क्लार्क आणि लोइस यांचे लग्न लावण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात दूरचित्रवाणी मालिकेची जुळवाजुळव सुरू झाली, लग्न तिकडच्याबरोबर व्हावे म्हणून पुढे ढकलले गेले, आणि मग मधल्या काळासाठी त्याला मारून टाकावे असे ठरले. लग्न १९९६ मध्ये, दोन्हीकडे, लागले. परंतु शेवटच्या चार अंकांची मांडणी मला आजही विलक्षण वाटते: पहिल्यात प्रत्येक पानावर चार चौकटी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, आणि मृत्यूच्या अंकात दर पानावर एकच. गिरगावच्या काकांना ही उलटी मोजणी नक्की आवडेल.

त्या एका अंकाच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून जपल्या, त्यामुळे आज त्यांना फारशी किंमत नाही. उलट १९३८ चे अंक मुलांनी वाचून फाडले, फेकले, युद्धकाळात कागदाच्या रद्दीत दिले, म्हणून २०२४ मध्ये पहिल्या अंकाची एक प्रत साठ लाख डॉलरना गेली. शुस्टर यांचे निधन त्याच १९९२ च्या जुलैमध्ये झाले होते, हे मला कित्येक वर्षांनी समजले. त्या दिवशी रांगेत कोणी त्यांचे नाव काढल्याचे मला आठवत नाही.

माझी पिशवी अजून फोडलेली नाही. आतला अंक मी रूममेटच्या प्रतीवरून वाचला.