आहेत ती बाकं भरायची की नवी मंडळी काढायची?

कृष्णाकाठचा

मी मिरजेतल्या एका जुन्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा सभासद. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, पंचकमिटीतही काही काळ होतो. आमच्या सभांमध्ये काय बोललं जातं ते ऐकून ऐकून हा धागा काढतोय. जागेचा सातबारा, कंपाउंडची भिंत, जुना भाडेकरू, धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट, नाताळची वर्गणी. सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणं, हा शब्द उपदेशात येतो, अजेंड्यावर कधीच येत नाही.

माझं मत: आपल्या मंडळ्यांनी ख्रिस्ताबद्दल उघडपणे सांगितलं पाहिजे, आणि जिथे मंडळी नाही तिथे नवी काढली पाहिजे. बायबलमधल्या मत्तयच्या 28व्या अध्यायात ही आज्ञा आहे, आणि तिला 'सवड मिळाल्यास' असं कलम जोडलेलं नाही.

आपण स्वतः इथे कसे आलो ते बघा. मिशनरी वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. डॉ. वॉनलेस 1889 मध्ये सांगलीत आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. अनोळखी गावात जायची कुणीतरी तयारी दाखवली, म्हणून आज माझ्या घरात बायबल आहे. त्या मराठी मिशनच्या मागे जे अमेरिकन बोर्ड होतं, त्याचे सचिव रुफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात फिरून गेले. गावोगाव लहान मंडळ्या असाव्यात, पाळक (पास्टर) इथलाच असावा, खर्च मंडळीने स्वतः उचलावा आणि तिने पुढे दुसरी मंडळी उभी करावी, असा त्यांचा आग्रह. आपण त्यातला कारभार आपल्या हातात घेतला, खर्चही कसाबसा उचलतो. शेवटचं तेवढं राहिलं.

आणि गरज समोर दिसते. कुपवाडच्या एमआयडीसीत बाहेरगावची पोरं खोल्या करून राहतात, शिफ्टमुळे रविवारी सकाळी त्यांना मिरजेला येणं जमत नाही. जतच्या पूर्व भागात, उमदीकडे, घरात कन्नड बोलतात. त्यांनी अर्धा दिवस प्रवास करून आमचा पुस्तकी मराठीतला उपदेश ऐकायला यायचं?

वडीलमाणूस

कृष्णाकाठचे साहेब, भाषण चांगलं आहे. पण आपल्याच मंडळीत सत्तर टक्के बाकं रिकामी असतात, त्याचं काय? (आकडा अंदाजाने, भांडू नका.) आधी घरची पोरं परत आणा. ती पुण्याला गेली, तिथे कुठल्या तरी हॉलमधल्या गिटारवाल्या सभेला जातात आणि गावी आली की आमच्या उपासनेत मोबाईल बघतात.

दुसरं, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च झाली. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यासाठी केवढे वाद मिटवले! आता जो तो उठतो, भाड्याचा गाळा घेतो आणि बाहेर बोर्ड लावतो. नवी मंडळी म्हणजे बऱ्याच वेळा जुन्या मंडळीतली फुटलेली दहा घरं. त्याला मी सुवार्ता म्हणत नाही.

कृष्णाकाठचा

काका, फुटून निघणं आणि पाठवलं जाणं यात फरक आहे. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना पाठवलं, बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत 13व्या अध्यायात आहे. तिची दोन सगळ्यात चांगली माणसं होती ती. तिथली बाकं भरलेली होती की रिकामी, यावर ते लिहिणाऱ्या लूकने एक ओळ खर्च केलेली नाही. आणि आपली पोरं पुण्याला त्या सभेत का रमतात? तिथे त्यांना काहीतरी काम दिलेलं असतं. आपल्याकडे पन्नाशी ओलांडल्याशिवाय कुणी पेटीला हात लावू देत नाही.

अजिंक्यतारा

मी हिंदू, साताऱ्याचा. धागा वाचला, राहवलं नाही. तुमचं देऊळ तुम्ही वाढवा, आमचं काही म्हणणं नाही. पण 'सुवार्ता सांगणं' गरिबाच्या झोपडीतच का घडतं? सदाशिव पेठेत का नाही? दुष्काळात धान्य, दवाखान्यात औषध, शाळेत फी माफ, आणि मग हळूच प्रार्थना. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट सांगितलंय की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. सांगलीत 2025 मध्ये धर्मांतराविरोधात मोर्चा निघाला तो उगाच नाही.

कृष्णाकाठचा

दादा, त्याच निकालात आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगून त्याचा प्रसार करण्याचा हक्क 25व्या कलमात आहे, असंही म्हटलंय. मला तेवढाच पुरे. धर्म बदलणं न बदलणं हा ऐकणाऱ्याचा प्रश्न, तो माझ्या हातात नाही आणि नसावाही.

मदतीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून 'विश्वास ठेव, गोळ्या बंद कर' म्हणणारा मला आपला वाटत नाही, मग तो कितीही मोठ्याने हालेलुया म्हणो. फी भरायची तर भरा आणि गप्प बसा. ख्रिस्ताबद्दल बोलायचं ते ज्याला आपल्याकडून काही मिळवायचं नाही अशा माणसाशी आधी बोला: बरोबरीच्या सहकाऱ्याशी, सोसायटीतल्या शेजाऱ्याशी. सदाशिव पेठेचा टोमणा म्हणूनच लागला. आपण तिथे जात नाही कारण तिथे उलट प्रश्न विचारतात.

माणदेशी

तुम्हा दोघांच्या गोडीगुलाबीत एक गोष्ट राहिली. आमच्या वस्तीतला माणूस ख्रिस्ती झाला की 1950 च्या आदेशाप्रमाणे त्याची अनुसूचित जात जाते. शिखांना 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्त्यांना नाही. मग काय होतं? रविवारी एक नाव, दाखल्यावर दुसरं. पोराच्या स्कॉलरशिपसाठी बापाने आयुष्यभर लपून प्रार्थना करायची. नवी मंडळी काढणारे पास्टर हे बाप्तिस्म्याच्या आधी सांगतात का?

बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही म्हटलं. तेव्हापासून 1956 पर्यंत सगळे धर्म त्यांच्यासमोर होते, तुमचाही. त्यांनी बुद्ध निवडला. आमच्यातले जे तुमच्याकडे आले, त्यांना अजून कोण कुठल्या वाड्यातला हे विचारूनच सोयरीक होते. आधी ते बघा.

कृष्णाकाठचा

सांगत नाहीत. सांगायला हवं, बाप्तिस्म्याच्या शिकवणीत पहिल्याच दिवशी, दाखला समोर ठेवून. आणि सोयरिकीचं तुम्ही म्हणता ते आमच्या समाजात सगळ्यांना माहीत आहे, उपदेशात कुणी घेत नाही. पण माझा निष्कर्ष तुमच्या उलट निघतो. जुन्या मंडळीत घराणी ठरलेली आहेत, कुणाचे आजोबा मिशनच्या बंगल्यावर होते, कुणाचे शेतावर. नव्या मंडळीत सगळेच नवे. जात मोडायची शक्यता तिथे थोडी तरी जास्त.

माणदेशी

शक्यता. बरं.

सिस्टर_मिरज

मी नर्स आहे, नाव देत नाही. ड्युटीवर मी सुवार्ता सांगत नाही. कुणी विचारलं 'ताई, तुम्ही रात्रभर अशा न चिडता कशा काम करता' तर मी खरं ते सांगते. एवढंच माझं मिशन. तुमच्या नव्या मंडळीत बायकांना पंचकमिटीत घेणार असाल तर कुपवाडला मी येईन, नाहीतर चहा करायला दुसरी कुणीतरी बघा.

अजिंक्यतारा

सिस्टरचं पटलं. आता साताऱ्याचंच उदाहरण देतो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' घेऊन बसले. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांना जागा. संन्यासी वेश, अभंग, कीर्तन. असा ख्रिस्त आमच्या आजोबांनाही परका वाटला नसता. मग मंडळी, सभासद वही, पाळकाचा पगार हे हवंच कशाला?

कृष्णाकाठचा

टिळकांचं नाव काढलंत, बरं वाटलं. पण 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एका थोर माणसाभोवती गोळा झालेले लोक तो गेल्यावर पांगतात. मंडळी म्हणजे पाळकाची बदली झाली तरी रविवारी दार उघडणारं कुणीतरी असणं. आजाऱ्याला भेटणारं, मयताला खांदा देणारं, लग्न लावणारं. नुसता संदेश देऊन मोकळं होणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. ज्याने ऐकलं तो उद्या घरातून, भावकीतून एकटा पडला तर त्याने जायचं कुठे?

वडीलमाणूस

दरबार गेला म्हणता, पण आपण दर रविवारी टिळकांचीच गीतं गातो. ती टिकायला शंभर वर्षं कुठली कमिटी लागली नाही. तुमचा मुद्दा अर्धाच खरा आहे.

कृष्णाकाठचा

काका, ती गीतं टिकली कारण ती म्हणणाऱ्या मंडळ्या टिकल्या!

वडीलमाणूस

ते राहू दे. पैसा कोण देणार? आपल्या पाळकसाहेबांचा पगार दोन महिने थकलाय.

कृष्णाकाठचा

कुपवाडला पगारी पाळक नकोच सुरुवातीला. पौल करिंथात अक्विला-प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. आपल्यातलाच एखादा नोकरदार, एका खोलीत, रविवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर. आपली पाचसहा घरं वर्षभरासाठी तिकडे जाऊ देत, त्यांचा दशमांशही (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) तिकडेच जाऊ दे. उमदीकडे कन्नड जाणणारा मिळाल्याशिवाय हात घालू नये. पाळकसाहेबांची थकबाकी आधी, हे मान्य. सिस्टरची अट मला मंजूर आहे, पंचांना व्हावी लागेल.

वडीलमाणूस

दशमांश तिकडे? मग इथलं लाईटबिल कोण भरणार? वार्षिक सभेत रीतसर ठराव मांडा. मी विरोधात मत देणार, आणि खोलीसाठी डिपॉझिट कमी पडलं तर मला फोन करा.