ओटीपी मुलाच्या फोनवर, काम आईचं: गावात दुसरी वाट हवी की नको?

तासगावची लेक
माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. आईच्या आधारला नंबर जोडलाय धाकट्या भावाचा, आणि भाऊ चाकणला कंपनीत. बँक, गॅस, रेशन, आईचं काहीही निघालं की आधी त्याला फोन. तो मशीनवर, त्याचा मोबाइल लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत तो मेसेज बघतो तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या कामाला सरकार ओटीपी मागतं, ते काम गावातल्या माणसाकडून करून घ्यायची दुसरी वाट पहिल्या दिवसापासून असलीच पाहिजे. ओरड झाल्यावर नव्हे.

लाडकी बहीणचंच बघा. जुलै २०२४ ला योजना आली, महिना १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली. त्यात बाईच्या स्वतःच्या ओटीपीबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यांचाही ओटीपी. ज्यांचा नवरा वारलाय, वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न पाणवठ्यावरच्या कुठल्याही बाईने लगेच विचारला असता. वाट निघाली नोव्हेंबरात: मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. तोवर आमच्या गल्लीतली एक काकू रोज विचारत होती, "माझं नाव कापलं का गं?" नवऱ्याचा आधार क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, हे विधवा बाईला किती लागत असेल याचा विचार कुणी केला होता का?

मिरजवाला
ताई, आईंची अडचण खरी आहे. पण दोष ओटीपीला देऊ नका. आमची शेती जत तालुक्यात. पूर्वी सातबाऱ्यासाठी वडील सकाळच्या एसटीने जायचे, आणि तलाठी बैठकीला गेलेला असला की हात हलवत परत यायचे. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरी मिळतो. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग असायची, आता वडील मोबाइलपुढे चेहरा धरतात आणि दाखला जातो.

आणि पडताळणी का लागली तेही सांगा की. जुलै २०२५ मध्ये मंत्र्यांनीच जाहीर केलं, सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसताहेत, काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केलेत. हा पैसा आपल्या करातला आहे. माणसाच्या हातात काम दिलं की ओळखपाळख सुरू होते, चहापाणी सुरू होतं. तुम्ही मागताय ती दुसरी वाट पुन्हा एजंटाच्या दारात जाईल.

तासगावची लेक
दादा, तपासू नका असं मी कुठं म्हटलं? पण ते २६ लाख सापडले कसे? माहिती तंत्रज्ञान विभागाने इतर खात्यांकडून माहिती मागवली आणि ती ताडून पाहिली, त्यातून. तेव्हा ई-केवायसी सुरूही झाली नव्हती. सरकारी दप्तरातलं सरकारनेच तपासलं आणि बाईला उंबरा ओलांडावा लागला नाही. अशी तपासणी रोज करा, माझी ना नाही.

आणि एजंट आजही आहेच. ज्या बाईला फॉर्म भरता येत नाही ती दुकानदाराला पैसे देऊन ओटीपी वाचून दाखवते. तिच्या खात्याची किल्ली कुणाच्या हातात गेली?

हळद आणि द्राक्ष
ठशांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. बेदाण्याच्या शेडवर, बागेत, हळद शिजवायला वर्षानुवर्षे राबलेल्या बायकांचे अंगठे रेशनच्या मशीनवर उठत नाहीत. हात धुऊन या, तेल लावून या, दुसरं बोट लावा, असं सगळ्यांपुढे सांगतात. काम करून झिजलेला हात हा काही गुन्हा नाही.

विश्रामबागची वहिनी
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. तासगावच्या ताई, रागावू नका, पण आईच्या आधारला भावाचा नंबर का? आईचा का नाही? घराघरात हेच आहे. नवं सिम आलं की मुलाला, रिचार्ज संपलं की आधी बाईचं थांबतं. बँकेचे मेसेजही त्याच नंबरवर जातात, म्हणजे आईच्या खात्यात १५०० जमा झाल्याचं आईच्या आधी मुलाला कळतं. कुठल्या घरात ते पैसे तिच्या हातात पोचतात आणि कुठल्या घरात परस्पर खर्च होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. याला सरकार जबाबदार नाही, आपण आहोत. नंबर बदलायला आधार केंद्रावर ७५ रुपये लागतात. साधा बटणाचा फोन चालतो. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायला लावला, तो घ्या. गावात खिडकी उघडली आणि नंबर भावाचाच राहिला, तर आई पुन्हा त्याच्याच तोंडाकडे बघणार.

मिरजवाला
वहिनींचं शंभर टक्के पटलं.

सेविका, जत तालुका
मी अंगणवाडी सेविका. तुम्ही सगळे ज्या "गावातल्या माणसा"बद्दल बोलताय ती मीच. ई-केवायसीत एक प्रश्न होता, घरात कुणी सरकारी नोकर नाही ना अशा अर्थाचा, आणि पुढे होय किंवा नाही. प्रश्नच नकारार्थी. कितीतरी बायकांनी उलटं बटण दाबलं आणि मजुरी करणाऱ्या घरात कागदोपत्री सरकारी नोकर निघाला. पैसे थांबले. मग जानेवारी २०२६ मध्ये प्रत्यक्ष पडताळणीचं काम आमच्याकडे आलं. माझ्या वस्तीत सरकारी नोकरीत कोण आहे हे मी बसल्या जागी सांगितलं असतं, आधी विचारलं असतं तर.

पण ताई, तुमची दुसरी वाट माझ्या दारावरून जाते, हेही ध्यानात घ्या. पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप मी भरते, घरी न्यायचा आहार देताना बाईचा चेहरा मोबाइलला ओळखायला लावते, वस्तीवर रेंज नसली की त्यांना रस्त्यापर्यंत चालवत नेते. वर पोरांना शिकवायचं ते वेगळंच. मानधन तेवढंच. माणूस हवा म्हणता तर त्या माणसाचे कष्टही मोजा.

तासगावची लेक
सेविकाताई, तुमचं म्हणणं मान्य. हे काम तुमच्यावर नको. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे, तिथं संगणक परिचालक आहे. त्याच्याकडे ठरलेल्या दिवशी बायकांसाठी वेळ राखावा, फी भिंतीवर लिहावी, ठसा किंवा ओटीपी जमत नसेल तर कागद घेऊन पोच द्यावी. आई आणि काकू १ मेच्या ग्रामसभेत हे मांडणार आहेत.

वहिनी, आईचा नंबर आम्ही बदलून घेतोय, भावानेच सांगितलं. तरी मागणी सोडत नाही. काकूला मूलबाळ नाही, आणि फोन घेऊन दिला तरी तिला मेसेज वाचता येत नाही.

मिरजवाला
कागद घेऊन पोच देणार, मग तो कागद वर तपासणार कोण आणि किती दिवसांत? सेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, मुदत घालून देता येते. ठरावात दिवस लिहा. ते नसेल तर माझा विरोध कायम.