सत्ताधीशांची टीव्हीवर फजिती केल्याने मूळ रहिवाशांवरील अन्यायाला वाचा फुटते का?

वाटसरू_सिडनी

ऑस्ट्रेलियात टीव्हीवरच्या खोडसाळ कार्यक्रमांना मोठा प्रेक्षकवर्ग आहे. सप्टेंबर 2007 मध्ये सिडनीत एपेक ही आशिया-पॅसिफिक देशांच्या नेत्यांची परिषद भरली असताना 'द चेसर' या विनोदी मंडळींनी कॅनडाचे झेंडे लावलेल्या गाड्यांचा बनावट ताफा सुरक्षेचे दोन नाके ओलांडून आत नेला आणि गाडीतून ओसामा बिन लादेनचे सोंग घेतलेला कलाकार उतरला, ही हकिकत येथील लोक अजूनही रंगवून सांगतात. अकरा जणांवर आरोप ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी ते मागेही घेतले गेले. पोलिसांची फजिती झाली, त्यापलीकडे त्यातून फारसे काही निघाले नाही.

त्याच काळात पंतप्रधान जॉन हॉवर्ड मात्र, आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेल्याबद्दलचा 1997 चा चौकशी अहवाल समोर असूनही, सरकारच्या वतीने माफी मागायला तयार नव्हते. ती माफी 13 फेब्रुवारी 2008 रोजी केव्हिन रड यांनी संसदेत मागितली, म्हणजे सरकार बदलल्यावर. अशा प्रश्नावर सत्ताधीशाला कॅमेऱ्यासमोर खिंडीत गाठण्याचा कोणी खरोखर प्रयत्न केला आहे का, आणि केला असेल तर लोकांच्या लक्षात अन्याय राहिला की नुसता हशा?

जुनी_कात्रणे

केला आहे, आणि तोही ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच. अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी ओजिब्वे जमातीचे अ‍ॅडम नॉर्डवॉल, जे पुढे अ‍ॅडम फॉर्च्युनेट ईगल या नावाने ओळखले गेले, ते 24 सप्टेंबर 1973 रोजी पारंपरिक वेषात रोमच्या विमानतळावर उतरले आणि आपण इटली 'शोधून काढली' असल्याने ती आता आपल्या ताब्यात आली आहे, असे त्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले. हजारो वर्षे माणसे राहत असलेली अमेरिका शोधण्याचा कोलंबसाला जेवढा हक्क होता, तेवढाच आपल्यालाही आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे त्यांची इटलीच्या राष्ट्राध्यक्षांशी भेट झाली आणि पोप पॉल सहावे यांच्याशीही. पोपनी रिवाजाप्रमाणे चुंबनासाठी अंगठीचा हात पुढे केला, तेव्हा नॉर्डवॉल यांनीही आपला अंगठीचा हात पुढे केला. पोप हसले.

यातला 'शोध' हा शब्द नीट पाहावा लागतो, कारण तो केवळ शाळेच्या पुस्तकातला शब्द नव्हता. 1452, 1455 आणि 1493 सालच्या पोपच्या फर्मानांनी ख्रिस्ती राजांना परमुलूख घेण्याचा जो अधिकार बहाल केला, त्याच्या आधारे उभा राहिलेला शोधाचा सिद्धांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1823 मध्ये कायदा म्हणून मान्य केला. (1455 चे फर्मान पोर्तुगालच्या राजाला दिलेले होते, त्यामुळे गोव्याच्या वाचकांना ही कथा परकी वाटू नये.) व्हॅटिकनने हा सिद्धांत अधिकृतपणे नाकारला तो 30 मार्च 2023 रोजी, म्हणजे त्या भेटीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. पोपच्या त्या हसण्याला म्हणूनच मी विजय समजत नाही. मोठ्या माणसाला हसून वेळ मारून नेता येते.

भटकंती

नॉर्डवॉल यांचा नमुना आपल्या बहुरूप्याच्या जवळचा आहे. बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात उभा राहून तुम्हाला अटक करण्याची धमकी देतो, तेव्हा तो कायद्याचीच भाषा उलटी करून बोलत असतो, आणि तो स्वतः ज्या भटक्या समाजातला असतो त्या समाजांकडे पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहिलेले असते. फरक इतकाच की बहुरूपी शेवटी बिदागी घेऊन निघून जातो.

याच जातीचे दुसरे सोंग ऑस्ट्रेलियातील बर्नम बर्नम यांचे. ते स्वतः आईबापांपासून तोडलेल्या मुलांपैकी एक होते. 26 जानेवारी 1988 रोजी, गोऱ्यांच्या आगमनाच्या द्विशताब्दीचा सोहळा सिडनीत चालू असताना, त्यांनी इंग्लंडमध्ये डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांजवळ आदिवासींचा झेंडा रोवला आणि इंग्लंड ताब्यात घेतल्याचे घोषणापत्र वाचले. तुमच्या पिठात आम्ही विष कालवणार नाही, तुमच्या माणसांची मुंडकी आठवण म्हणून जपून ठेवणार नाही, तुमच्या राजघराण्यातील कोणाचा सांगाडा प्रदर्शनात मांडणार नाही, अशी अभिवचने त्यात होती. टास्मानियातील आदिवासी स्त्री ट्रुगानिनी यांचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात 1947 पर्यंत खरोखरच मांडलेला होता. ऐकणारा आधी हसतो आणि मग एकेक अभिवचन म्हणजे गुन्ह्याची नोंद आहे हे त्याच्या ध्यानात येते. 'द चेसर'च्या गाड्यांमध्ये हे नव्हते.

शंकासुर

एक सावधगिरी सांगतो, जरी उदाहरण आदिवासींचे नसले तरी. भोपाळ दुर्घटनेला वीस वर्षे झाली त्या दिवशी, 3 डिसेंबर 2004 रोजी, 'द येस मेन' या गटातील एकाने, युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ कंपनीचा प्रवक्ता असल्याचे भासवून बीबीसीवर बारा अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली. जगभर कंपनीची नाचक्की झाली हे खरे, पण भोपाळमधल्या लोकांनी काही तास ती बातमी खरी मानली होती. डोव्हरच्या किनाऱ्यावर कोणीही फसले नाही. ज्यांचे दुःख मांडायचे त्यांनाच गंडवले गेले, तर तो हिशेब कोणी चुकवायचा?

वाटसरू_सिडनी

सर्वांचे आभार. आमचे येथील मंडळ 26 जानेवारीला सकाळी भारताचा प्रजासत्ताक दिन साजरा करते आणि दुपारी बरेच जण ऑस्ट्रेलिया दिनाच्या खाण्यापिण्याला जातात. येथील आदिवासी त्या दिवसाला आक्रमणाचा दिवस म्हणतात, हे मला फार उशिरा समजले. यंदा झेंडावंदनानंतर डोव्हरच्या घोषणापत्राचे मराठी रूपांतर वाचावे, असे मी समितीला सुचवले आहे. "लोक नेमके कुठे हसतील?" एवढेच एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले. मला अजून उत्तर देता आलेले नाही.